‘फोटोत काही नाही’ म्हणजे काय?

राळेगणसिद्धीतील एका शेतकरी कुटुंबाशी आमच्या घराचा तीन पिढ्यांचा घरोबा आहे. त्यांचा मूग आणि ज्वारी आमच्या आडतीवर येते. लग्नकार्यात दोन्ही घरांची ऊठबस असते. त्या घरातील वयोवृद्ध मातोश्रींना आम्ही सारे ‘मोठ्या आई’ म्हणतो. वय सत्त्याहत्तर; पण पहाटे उठून अंगण झाडण्याचा नेम त्यांनी कधी चुकविला नव्हता. गेल्या पावसाळ्यात हौदापाशी शेवाळलेल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि त्या उजव्या कुशीवर पडल्या. त्याच संध्याकाळी तालुक्याच्या ठिकाणी नेऊन ‘फोटो’ काढण्यात आला. हाड मोडलेले नाही, मुका मार आहे, आठ दिवसांत आराम पडेल, असे सांगण्यात आले.

आठ दिवस गेले, बारा गेले. जांघेतील कळ थांबेना. पाय टेकवला की डोळ्यांत पाणी येई. त्यांच्या चिरंजीवांनी मला दूरध्वनी केला, तेव्हा मी गल्ल्यावर होतो, गिऱ्हाइकी होती. मी म्हणालो, “फोटोत काही नाही ना? मग काळजी कसली? वयोमानाने वेळ लागतो.” हे वाक्य मी उच्चारले, हे मला आजही विसरता येत नाही.

सतराव्या दिवशी अंथरुणातून उठताना त्यांचा पाय एकाएकी दगा देऊन गेला. पाऊल बाहेरच्या बाजूस वळले, पाय आखूड दिसू लागला. नगरला आणून दुसरा फोटो काढला, तेव्हा खुब्याच्या हाडाची मान मोडून सरकल्याचे माझ्यासारख्या अनभिज्ञालाही दिसत होते. पहिल्या आठवड्यात निदान झाले असते, तर तीन स्क्रू घालून स्वतःचे हाड वाचविता आले असते. आता सांध्याचा अर्धा भाग कृत्रिम बसवावा लागला.

शस्त्रक्रियेनंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावून दाखविले. मी रागातच होतो. पहिला फोटो पाहणाऱ्याची चूक त्यांच्या तोंडून ऐकावी, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तसे काही म्हटले नाही. पहिल्या फोटोत भेग खरोखरच दिसत नव्हती. ते म्हणाले, “फोटोत काही नाही, याचा अर्थ या फोटोला काही दिसत नाही, एवढाच. म्हातारे माणूस पडले, जांघेत दुखते, पायावर भार घेता येत नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे, अशा वेळी तपास थांबवायचा नसतो. तिथे तो सुरू व्हायचा असतो.”

खुब्याचे हाड मोडलेल्या शंभर रुग्णांपैकी दोन ते दहा जणांचा अस्थिभंग पहिल्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. अशा वेळी एमआरआय करावा लागतो. ती सोय जवळ नसेल तर सीटी स्कॅन. त्या दिवसापासून हा विषय समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. परंतु अनेक डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळले ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

एक्स-रे : छायेचे शास्त्र

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना या अदृश्य किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडे आणि त्यावरील अंगठी त्यात स्पष्ट दिसते. कातडी, स्नायू, शिरा यांची केवळ धूसर सावली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, यंत्रे संगणकीय झाली, तरी त्या पहिल्या फोटोतील गुण आणि मर्यादा आजही तशाच आहेत. हाडातील कॅल्शियम किरणांना अडविते, म्हणून हाड पांढरे दिसते. कूर्चा, लिगामेंट, मणक्यांमधील गादी, स्नायू हे किरणांना जवळजवळ सारखेच अडवितात, म्हणून ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय ही छाया आहे. पुढचे आणि मागचे एकाच कागदावर उमटते. बारीक भेग दुसऱ्या हाडाच्या छायेत लपली, किंवा मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसली, की ती दिसत नाही.

तरीही सुरुवात एक्स-रेनेच करावी, असे डॉक्टर म्हणतात, ते योग्यच आहे. काही शे रुपयांत, पाच मिनिटांत, लहान गावातही तो होतो आणि बहुतेक अस्थिभंग त्यात कळतात. मात्र तो कसा काढला, यालाही महत्त्व आहे. गुडघेदुखीचा फोटो उभे राहून काढलेला असावा. झोपून काढलेल्या फोटोत दोन हाडांमधील फट व्यवस्थित दिसते. उभे राहिल्यावर शरीराचा भार पडतो आणि झिजलेल्या कूर्चेमुळे ती फट किती मिटली आहे, ते उघड होते. आपल्याकडे गुडघ्याच्या तक्रारी घरोघरी आहेत. झोपून काढलेला फोटो पाहून ‘झीज नाही’ असा निर्वाळा मिळालेले दोन आप्त मला ठाऊक आहेत. उभ्याने फोटो काढताच दोघांचीही झीज दिसून आली.

मनगटाची गोष्टही अशीच. मोटारसायकलवरून पडताना तरुण मुले हात टेकतात आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेले होडीच्या आकाराचे छोटे हाड चिरते. त्या दिवशीच्या फोटोत ही चीर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून जाणते डॉक्टर अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर फोटो स्वच्छ असूनही प्लास्टर घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. ‘हाड मोडले नाही तर प्लास्टर कशाला, पैसे काढायला?’ असा संशय घेणारे पालक मी पाहिले आहेत. या हाडाला रक्तपुरवठा अपुरा असतो. दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होते.

पाण्याचा माग घेणारे यंत्र

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकाच्या पोकळीत रुग्णास ठेवून शरीरातील हायड्रोजनच्या अणूंना रेडिओलहरींनी डिवचले जाते आणि ते पूर्वस्थितीला येताना जो संकेत देतात, त्यावरून चित्र तयार होते. शरीरातील हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत असतो. त्यामुळे जिथे सूज आहे, रक्त साकळले आहे, द्रव साचला आहे, ती जागा यात उठून दिसते. मोठ्या आईंच्या चिरंजीवांना हे समजावताना मला फार प्रयास पडले नाहीत. राळेगणसिद्धीच्या माणसाला जमिनीखालचे पाणी कोठे मुरते, कोठे पाझरते, हे निराळे शिकवावे लागत नाही. नालाबांध आणि पाझर तलाव यांच्या कामांवर त्या गावाची एक पिढी वाढली आहे. ते म्हणाले, “म्हणजे बांध वरून धड दिसतो, पण ओल कुठं धरलीय ते हे मशीन सांगतं.” याहून नेमके वर्णन मी कोणा तज्ज्ञाकडूनही ऐकलेले नाही. भेग केसाएवढी असो, तिच्याभोवती हाडाच्या मगजात रक्त आणि द्रव पाझरतो, आणि तो एमआरआयला दिसतो.

याच कारणाने गुडघ्यातील लिगामेंट तुटणे, गुडघ्याची गादी फाटणे, मणक्यातील गादीने नस दाबणे, हाडाच्या आतील जंतुसंसर्ग किंवा मणक्याचा क्षयरोग यांसाठी एमआरआयला तोड नाही. साध्या एक्स-रेत झीज दिसू लागेपर्यंत हाडातील खनिजांचा सुमारे एकतृतीयांश भाग नाहीसा झालेला असतो. मणक्याचा क्षय तोवर बराच पुढे गेलेला असू शकतो. पाठदुखीसोबत बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असेल तर चालढकल करू नये.

या चुंबकाची शक्ती मात्र ध्यानात ठेवावयास हवी. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राचे आकर्षण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते, आणि ते चोवीस तास चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर हाती घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता, नातेवाईक होता. हृदयाचा पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील यंत्र असल्यास आधी सांगणे अनिवार्य आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. राळेगणसिद्धीपासून जवळच सुप्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत लोखंडाचा सूक्ष्म कण कधीतरी शिरलेला असू शकतो आणि तो चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. आपल्या कारखान्यांतील, गोदामांतील कामगारांना एमआरआयसाठी पाठविताना हे अवश्य सांगावे. शंका असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

माझी उलटी चूक

येथवर वाचून कोणास वाटेल की सरळ एमआरआयच करावा, बाकीचे सोपस्कार हवेत कशाला? व्यापारी माणसाची बुद्धी अशीच चालते : महाग माल तो उत्तम माल. मोठ्या आई पडण्याच्या दोन वर्षे आधी मी हेच केले होते.

पस्तीस वर्षे गादीवर बसून माझी कंबर धरली. कोणत्याही डॉक्टरांनी सांगितले नसता, ओळखीच्या माणसाकडून वेळ ठरवून मी पुण्यात एमआरआय करवून घेतला. दोन पानी अहवाल आला. त्यात गादी सुकल्याचे, फुगल्याचे, नसेच्या जवळ आल्याचे लिहिले होते. मी घाबरलो. वाकणे सोडले, प्रवास सोडला, सामायिकासाठी खाली बसणे सोडून खुर्ची धरली. दोन महिन्यांत कंबर अधिकच आखडली. अखेरीस एका वयस्कर डॉक्टरांनी अहवाल बाजूस ठेवला, मला टाचांवर आणि चवड्यांवर चालविले, उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिले आणि विचारले, “या चित्राचे दुखणे आहे की तुमचे?” नस दाबल्याचे एकही लक्षण माझ्यात नव्हते. चालणे आणि व्यायाम सुरू केल्यावर सहा आठवड्यांत मी बरा झालो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या कण्याच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास आहे. वयाच्या विशीतही ३७ टक्के निरोगी लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के. पन्नाशीतील ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. दुखत मात्र काहीच नव्हते. केस पांढरे व्हावेत, तशातलाच हा प्रकार. गुडघ्याचेही तेच. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय काढले असता ज्यांच्या गुडघ्याची गादी फाटलेली आढळली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात गुडघ्याचा काही त्रास नव्हता.

म्हणजे एक्स-रे जेथे आंधळा, तेथे एमआरआय अतिडोळस. साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे कोणतेही चित्र काढू नये, असा जगभरच्या तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेचा भाग बधिर होणे, ताप, पूर्वीचा कर्करोग, पडल्याचा मार ही लक्षणे असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये.

सीटी, सोनोग्राफी आणि इतर

सीटी स्कॅन हा एक्स-रेचाच प्रगत भाऊ. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे चित्र निघाले आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. किरण सर्व बाजूंनी फिरवून शरीराचे पातळ काप दाखविले जातात. मग ते जुळवून हाडाची हुबेहूब आकृती उभी करता येते. विहिरीत किंवा झाडावरून पडून टाचेच्या हाडाचा चुरा झाला, गुडघ्याच्या सांध्यापर्यंत भेग गेली, कंबरेचा कडा मोडला, की शस्त्रक्रियेपूर्वी तुकडे किती व कोठे, हे सीटीइतके दुसरे कोणी सांगत नाही. त्याला काही सेकंद लागतात. म्हणूनच पुणे-नगर रस्त्यावरील अपघातग्रस्ताला आधी सीटीत घेतात, एमआरआयच्या अर्ध्या तासाच्या प्रतीक्षेत ठेवत नाहीत.

किरणांविषयी आपल्याकडे दोन्ही टोकांच्या समजुती आहेत. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. मनगटाच्या एक्स-रेतून त्याचा हजारावा हिस्साही मिळत नाही. कंबरेच्या एक्स-रेतून सुमारे दीड, तर कण्याच्या सीटीतून सहा ते दहा मिलिसिव्हर्ट मिळतात. गरज असता घाबरू नये, गरज नसता काढू नये. गर्भवतीने आणि गर्भाची शक्यता असलेल्या स्त्रीने आधी सांगितलेच पाहिजे. एमआरआय व सोनोग्राफीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला पोट आणि गर्भारपण आठवते. पण खांद्याचे स्नायुबंध, टाचेमागील शीर, सांध्यातील पाणी यांसाठी ती उत्तम. आणि खांदा हलवीत असतानाच आत काय अडते, हे पाहण्याची सोय तिच्यातच आहे. जन्मतः निखळलेला खुबा सहा महिन्यांच्या आतील बाळात सोनोग्राफीनेच पाहतात, कारण त्या वयात खुब्याचा गोळा कूर्चेचा असतो आणि एक्स-रेला दिसत नाही. ही परीक्षा करणाऱ्याच्या हातावर मात्र ती फार अवलंबून असते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी मला एक प्रश्न विचारला आहे : विहारात अनवाणी चालून साधू-साध्वींचे पाय दुखावतात, त्या वाहन वापरीत नाहीत, तर सोनोग्राफीचे छोटे यंत्र स्थानकात नेता येणार नाही का? गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि उचलून नेता येणारे यंत्रही नोंदणीकृत जागेबाहेर असे वापरता येत नाही, मग तपासणी घोट्याची का असेना. डॉक्टरांना आग्रह करून अडचणीत टाकू नये. सतत चालण्याने पावलाच्या लांब हाडांना जी बारीक चीर पडते, ती तशीही एक्स-रेत पहिले दोन-तीन आठवडे दिसत नाही. डॉक्टरांनी येऊन बोटाने दाबून पाहणे आणि विहार थांबविणे, हाच तेथे पहिला उपाय.

हाडांच्या बोन स्कॅनविषयी थोडक्यात. शिरेतून दिलेले टेक्नेशियम हे अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्य हाडांत जेथे घडामोड चालू आहे तेथे गोळा होते. सहा तासांत ते निम्मे उरते. कर्करोग हाडांत पसरला आहे काय, हे एका चित्रात डोक्यापासून पायापर्यंत पाहता येते. मुंबईत परळ येथे या शाखेचे केंद्र १९६३ पासून आहे.

आणि आता शिबिरे. समाजाच्या वतीने ‘हाडांची घनता तपासणी’ मोठ्या उत्साहाने होते; टाच यंत्रात ठेवली की आकडा येतो आणि शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमच्या डब्या विकावयास असतात. टाचेच्या त्या यंत्राने फार तर धोक्याचा अंदाज येतो. ठिसूळपणाचे निदान खुबा व कंबर यांच्या डेक्सा तपासणीने होते, आणि उणे २.५ किंवा त्याखालील आकड्याला हाडे ठिसूळ झाली असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविले. डेक्साचे किरण नगण्य असतात. मोठ्या आईंची डेक्सा तपासणी कधी झाली नव्हती; पडण्यापूर्वी झाली असती तर औषध सुरू झाले असते. आमच्या घरातील पासष्टी उलटलेल्या तिघींची मी ती या दिवाळीनंतर करवून घेतली. दोघींना औषध सुरू आहे.

दानशूर घराण्यांना एक सुचवावेसे वाटते. आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने नगरमध्ये जैन सोशल फेडरेशनचे रुग्णालय उभे राहिले, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. यंत्राला देणगी देऊन नाव कोरणे सोपे आहे. पण फोटो योग्य कोनातून काढणारा तंत्रज्ञ आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट नसेल, तर कोट्यवधींचे यंत्रही मुके. तालुक्याच्या ठिकाणचा फोटो त्याच रात्री शहरातील तज्ज्ञाने संगणकावर पाहावा, एवढ्या व्यवस्थेला एमआरआयच्या तुलनेत फारच थोडा खर्च येतो.

डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की मी आता दोनच गोष्टी विचारतो : यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, आणि उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार आहे काय? एकाही डॉक्टरांना याचा राग आलेला नाही. अनेकदा तर त्यांनीच तपासणी खोडली.

मोठ्या आई काठी घेऊन चालतात. अंगण मात्र आता सून झाडते. त्यांच्या ओसरीवर खुंटीला कापडी पिशवी टांगलेली असते, तीत सारे फोटो तारखेनुसार लावलेले. गेल्या महिन्यात त्यांचा नातू मोटारसायकलवरून घसरला, मनगट सुजले, फोटो स्वच्छ आला. डॉक्टर काही बोलण्याआधी मोठ्या आईंनीच विचारले, “मंग प्लास्टर घालून पंधरा दिसांनी दुसरा काढायचा ना?” डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले आणि होय म्हणाले. दुसऱ्या फोटोतही चीर नव्हती, हाताला दुखतही नव्हते. प्लास्टर कापले गेले आणि ते दोन फोटोही त्या पिशवीत गेले.